'कॅन्सरची लस' म्हणजे नक्की काय? 'लस' या शब्दाबद्दल

'कॅन्सरची लस आली' ही बातमी सारखी फिरत असते आणि दर वेळी लोक हेच विचारतात, कुठे मिळते, केवढ्याला आहे, आम्ही पण टोचून घ्यावी का. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कॅन्सरवरच्या एमआरएनए लसीची (पेशींना कुठलं प्रथिन बनवायचं त्याची सूचना देणारी लस) घोषणा केली तेव्हा तर घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच. आता ती लस कॅन्सर झालेल्या पेशंटसाठी आहे, निरोगी माणसाने घ्यायची नाहीच, पण हे बातमीत कुठेतरी खाली असतं आणि वर मथळा वाचून डोक्यात येते ती पोलिओची लस, गोवराची लस, म्हणजे घेतली की रोग होत नाही. मग ह्याला 'लस' म्हणणं बरोबर आहे का? की दुसरा शब्द हवा? जाणकारांनी सांगा, कारण ह्या शब्दामुळे आजारी माणसांच्या घरात उगाच आशा आणि मग निराशा होते, ते बघवत नाही.

प्रतिसाद :
'लस' मध्ये मुळात 'रोग होऊ नये म्हणून' असं काहीच नाही. जखमेतून, फोडातून जे चिकट पाणी येतं ती लस, आजही गावाकडे 'फोड फुटला, लस येतीये' असंच म्हणतात, लसीका ग्रंथी मधला शब्द पण त्यातलाच. देवीच्या रोगावर जे टोचायचे ते खरोखरच फोडातलं पाणी असायचं. १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली, इराकमधल्या बसऱ्याहून आलेली, आणि मग तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून पुढच्या मुलांना, असं दंडाकडून दंडाकडे ते गेलं. म्हणजे पदार्थाचं नाव होतं ते हळूहळू कामाचं नाव झालं. जुनी माणसं तर 'लस टोचली' पण नाही म्हणायची, 'देवी काढल्या' म्हणायची.

प्रतिसाद :
छान माहिती. पण पुढचं पण बघा, लस म्हणजे आधीच घ्यायची हे सुद्धा पूर्ण खरं नाही. रेबीजची लस कुत्रं चावल्यावरच घेतो की आपण, पाश्चरने १८८५ मध्ये चावलेल्या मुलालाच दिली होती. आणि बीसीजी, जिचा व्रण आपल्या सगळ्यांच्या दंडावर आहे, तीच बीसीजी मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नळीने आत सोडतात, गाठ काढल्यावर परत येऊ नये म्हणून, आणि हे १९७० च्या दशकापासून चालू आहे. म्हणजे टीबीसाठी बनवलेली लस आणि काम उपचाराचं.

आता नवीन एमआरएनएवाल्या काय करतात तर पेशंटची गाठ ऑपरेशनने काढतात, तिच्या पेशींच्या जनुकांत कुठले बदल झालेत ते वाचतात, आणि त्या एकाच माणसासाठी डोस बनवतात. मॉडर्ना आणि मर्क या औषध कंपन्यांची जी मेलानोमावरची आहे, म्हणजे त्वचेचा एक वाईट कॅन्सर, तिच्यात ३४ पर्यंत बदलांची ओळख शरीराला करून देतात. १५७ पेशंटच्या चाचणीत दुसऱ्या औषधाबरोबर ही दिली तर नुसत्या त्या औषधापेक्षा कॅन्सर परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. इथे प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखायला शिकवणं हे काम लसीचंच आहे, म्हणून शास्त्रज्ञ लस म्हणतात आणि माझ्या मते ते बरोबर आहे. चूक 'लस' मध्ये नाही, 'कॅन्सरची' मध्ये आहे.

प्रतिसाद :
हे शेवटचं वाक्य एकदम पटलं. मराठीत 'ची' आणि 'वरची' मध्ये फरक आहे हो. गोवराची लस, पोलिओची लस म्हणजे तो होऊ नये म्हणून. तापावरचं औषध, खोकल्यावरचं औषध म्हणजे झालाय म्हणून. त्यामुळे मेलानोमावरची लस म्हटलं की निदान कान टवकारतात. सर्पदंशावरची लस म्हणतोच की आपण, ती तर खरं म्हणजे लसच नाही, घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात, पण 'वरची' मुळे कोणी साप चावायच्या आधी मागायला जात नाही!! मथळ्यात जागा असेल तर सरळ 'उपचाराची लस' लिहावं, आणि दुसऱ्या बाजूला 'प्रतिबंधक लस' हा शब्द आपल्याकडे आहेच, तो कोणी वापरत नाही एवढंच.

प्रतिसाद :
मी आरोग्य केंद्रात काम करते, गावात 'लस' पेक्षा 'डोस' च जास्त चालतं. बाळाचे डोस राहिलेत, पोलिओचा डोस पाजला. धनुर्वाताचं मात्र इंजेक्शन, त्याला कोणी लस म्हणताना ऐकलं नाही.

पण मला वेगळंच सांगायचंय, कॅन्सर होऊ नये म्हणूनची लस खरोखर आहे आणि ह्या गोंधळात तीच मागे पडते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्या विषाणूवर लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, ९ ते १४ वयाच्या मुलींना दोन डोस. आयांना सांगायला गेलं की म्हणतात, ती रशियाची का, ती तर अजून आली नाही ना, किंवा आमच्या मुलीला कॅन्सर थोडाच झालाय. दोन्ही वाक्यं त्या एका शब्दामुळे येतात. म्हणून मी आता कॅन्सरची लस म्हणतच नाही, 'एचपीव्हीचा डोस' म्हणते आणि मग कशासाठी ते सांगते, बाया लगेच वय विचारतात.

प्रतिसाद :
ताई, तुमचं बरोबर आहे, विषाणूच्या नावाने सांगितलं की 'ची' चा जुना अर्थ पण टिकतो, कारण ती खरोखर एचपीव्हीचीच लस आहे, जशी गोवराची. मग कॅन्सर हा शब्द पुढच्या वाक्यात येऊ दे.