रेड 1 चं रेड 5 करायचं आहे, पण लाइनचा भरवसा नाही

दारव्हा_स्टुडिओ:
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या गावात लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम करतो. जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्स) टाकून 4 टीबीच्या दोन डिस्क एमडीएडीएम या डिस्क जोडणाऱ्या प्रोग्रामने मिरर केल्या (हेच रेड 1, दोन्हींवर तीच कॉपी), त्याला पाच वर्षं झाली. आता 92 टक्के भरलंय. जुनं पुसून टाक म्हणाल, पण इकडचा हिशोब वेगळा आहे भाऊ. लग्न मे महिन्यात लागतं आणि अल्बम न्यायला माणूस कापूस विकल्यावर येतो. तोवर साठेक लग्नं माझ्याच गळ्यात.

4 टीबीची तिसरी डिस्क आणली आहे. रेड 5 केलं (डेटा तिन्हींवर वाटायचा, एक डिस्क गेली तरी भरून निघावं म्हणून एका डिस्कएवढी जागा राखीव) की 8 टीबी मिळेल. पण लाइन कधीही जाते, इन्व्हर्टर पाऊण तास ओढतो. अर्ध्यात बंद पडलं तर?

पुसदचा_लिनक्सवाला:
घाबरू नका. दोन डिस्कचं रेड 1 ते रेड 5 हे क्षणात होतं. दोनच डिस्क असतील तर पॅरिटी (गेलेली डिस्क परत उभी करायला ठेवलेला हिशोब) म्हणजे त्याच डेटाची कॉपी, त्यामुळे डिस्कवर काही हलतच नाही. खरं काम तिसरी डिस्क जोडून 'ग्रो' केल्यावर, म्हणजे अ‍ॅरे (डिस्कचा संच) वाढवल्यावर सुरू होतं. त्याला तुमच्याकडे एक दिवस तरी जाईल, जास्तच धरा. बॅकअप-फाइल (हलवतानाचा डेटा तात्पुरता ठेवायची फाइल) दुसऱ्या डिस्कवर द्या, त्याच अ‍ॅरेवर नको. लाइन गेली तर तीच फाइल देऊन अ‍ॅरे असेंबल करा (पुन्हा जोडा), जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. शेवटी फाइल सिस्टिम वाढवायला विसरू नका, नाहीतर जागा दिसणारच नाही. नवी डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणारी, अशा कामात मंद पडणारी) तर नाही ना, तेही बघा.

वऱ्हाडी_बाप्पा:
लाइनचं सोडा राजेहो, जुन्या डिस्का पाहा आधी. मीही असाच तिसरी डिस्क लावून बसलो होतो. रात्री रिशेप (डेटा नव्यानं मांडणं) चालू, सकाळी पाहतो तं जुनी डिस्क अ‍ॅरेतून बाहेर फेकलेली. नशिबानं बाकीच्या दोघी टिकल्या. मे महिन्यात खोलीत 45 डिग्री, त्यात चोवीस तास डिस्क फिरवत ठेवायची, मंग काय होईन? स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची) लांब टेस्ट लावा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्य नसतील तं हात लावू नका. अन् मिरर म्हणजे बॅकअप नाही, एकदा पुसलं की दोन्हीकडून पुसलं जाते.

दारव्हा_स्टुडिओ:
बाप्पांचं ऐकलं म्हणून वाचलो. रात्रभर टेस्ट लावली. दुसऱ्या जुन्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर 16, टेस्ट रीड एररवर अडकलेली. पाच वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, माझीच चूक.

मग बेत बदलला. आधी साठही लग्नं भाच्याच्या बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवली. मग नवी डिस्क मिररमध्येच तिसरी म्हणून जोडली, पहाटेपर्यंत सिंक झाली आणि खराब डिस्क काढून टाकली. म्हणजे तिसऱ्या डिस्कचे पैसे गेले आणि जागा एक जीबीही वाढली नाही. बायको म्हणाली, एवढ्या रात्री जागून काय केलं? काय सांगू.

रेड 5 आता तुळशीच्या लग्नानंतर, पुढच्या सराईचा अ‍ॅडव्हान्स हातात आला की.