कोलोकेशन कोशात कोणती जोडी घ्यायची?

प्रश्न : इंग्रजीच्या कोलोकेशन कोशात, म्हणजे कोणत्या शब्दाला कोणता शब्द जोडतात हे सांगणाऱ्या कोशात, 'सी अ फिल्म' सापडतं, पण 'सी अ मॅन' नाही. व्याकरणाने दोन्ही बरोबर, दोन्ही रोजच्या बोलण्यातली. मग निवड कशावरून? जास्त वेळा आलेल्या जोड्या घेतल्या की झालं ना?

उत्तर : नुसत्या मोजणीवर भागत नाही. तसं केलं तर 'ऑफ द' सगळ्यात वर येईल, आणि तिचा कुणालाच उपयोग नाही. म्हणून दोन शब्द आपापले जितक्यांदा येतात त्या मानाने एकत्र किती जास्त येतात, हे बघतात. संगणकीय भाषाशास्त्रज्ञ केनेथ चर्च आणि कोशकार पॅट्रिक हँक्स यांनी १९९० मध्ये यासाठी 'म्युच्युअल इन्फर्मेशन' हे माप कोशकारांपुढे ठेवलं. त्याची खोड अशी की ते दुर्मिळ शब्दांना डोक्यावर घेतं. मोजणीसाठी घेतलेल्या मजकुराच्या अख्ख्या संग्रहात एकेकदाच आलेले दोन शब्द शेजारी पडले, तर सर्वाधिक गुण त्यांनाच! मग किमान इतक्यांदा आली पाहिजे अशी अट घालावी लागते, आणि उरलेली यादी माणसालाच चाळावी लागते.

खरी कसोटी मला १९८६ च्या 'बीबीआय' या इंग्रजी कोलोकेशन कोशात दिसते. त्यात 'कमिट मर्डर' घेतलं, 'कंडेम मर्डर' सोडलं. निषेध कशाचाही करता येतो, त्यामुळे ती जोडी ज्याची त्याला जुळवता येते. 'कमिट' मात्र गुन्हा, पाप, आत्महत्या अशा मोजक्या नामांनाच लागतं, आणि ते आधी ठाऊक नसेल तर तर्काने सुचणार नाही.

२००२ चा ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश जास्त सढळ आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश मजकुराच्या संग्रहावर तो उभा आहे. सुमारे ९,००० नोंदींखाली दीड लाख जोड्या. त्यात 'सी अ फिल्म' ही सैल जोडी, 'सी अ डॉक्टर' मधली आणि 'सी रीझन' (समजूतदारपणे वागायला लागणं) घट्ट, अशा तिन्ही घेतल्या आहेत. 'सी अ मॅन' सारख्या अगदी मोकळ्या जोड्या वगळल्या, वाक्प्रचारही बहुतेक वगळले. हा सढळपणा मला पटतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात आधी नाम येतं, 'फिल्म'. त्याला हवं असतं क्रियापद, आणि ते 'सी' आहे की 'लुक ॲट', हे परक्या माणसाने कशावरून ठरवायचं?

प्रश्न : पण आपली मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. 'चूक करणे' म्हणून 'डू अ मिस्टेक' लिहितात.

उत्तर : अगदी बरोबर, आणि तिथे हे कोश तोकडे पडतात. ते जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, त्यामुळे मराठी माणूस कुठे घसरेल हे त्यांच्या हिशेबात नसतं. 'परीक्षा देणे' वरून आलेलं 'गिव्ह ॲन एक्झाम' बघा. भारतात ते सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये 'टेक' किंवा 'सिट' म्हणतात. ब्रिटिश मजकुराच्या संग्रहात आपला हा वापर शोधून कसा मिळणार? मराठी विद्यार्थ्यांसाठी कोश करायचा झाला तर जोडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की शब्दशः भाषांतर केलं तर चुकतं का? 'औषध घेणे' चं 'टेक' आपोआप जमतं, त्याला एक ओळ पुरे. 'लक्ष देणे' चं 'पे अटेन्शन' मात्र ठळक छापावं, उदाहरणासकट.