जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: एच६१ बोर्डावर फरक पडेल का?

टेबलाखालचा_डबा:
तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू झाल्यावर चार मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. दुकानदार म्हणतो, ‘एनव्हीएमई घ्या, साटा आता जुनी झाली.’ साटा म्हणजे केबलने जोडायची, एनव्हीएमई त्याहून नवी आणि वेगवान, एवढंच कळलं. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्यायची तर या बोर्डावर कुठली चालेल?

खटपट्या:
एनव्हीएमई विसरा. त्या काळच्या एच६१ बोर्डावर एम डॉट टू स्लॉटच (एनव्हीएमई बसवायची खाच) सहसा नसतो. पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणाऱ्या जोडकार्डावर लावली तरी त्या काळचं बायॉस (मशीन चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सहसा तिच्यावरून विंडोज चालू करू शकत नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्या.

एच६१ चिपसेटचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे. म्हणजे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलं असलं तरी तुम्हाला २७०-२८० च्या आसपास मिळतील. त्याने बिघडत काही नाही. विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचते. हार्ड डिस्कचं हेड प्रत्येक वेळी जागेवर जाऊन तबकडी फिरून येण्याची वाट बघतं, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. खरा फरक इथे आहे. गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मात्र वाढणार नाहीत, फक्त लोडिंग लवकर होईल.

४ जीबी रॅमची ८ करा. नाहीतर क्रोमचे दहा टॅब उघडले की विंडोज पेजफाइलवर (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) जाईल आणि एसएसडीवर उगाच लिहीत बसेल.

साटा_केबल:
बसवताना तीन ठिकाणी लोक फसतात.

बायॉसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) असेल तर विंडोज टाकण्याआधी एएचसीआय (नवी पद्धत) करा. जुनं विंडोज ठेवून नुसता मोड बदललात तर निळा स्क्रीन येतो, कारण एएचसीआयच्या ड्रायव्हरशिवाय त्याला बूट डिस्क सापडत नाही.

नवीन विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूटच्या फायली तिच्यावर जाऊ शकतात. मग सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही, आणि लोक एसएसडीला शिव्या देतात.

पॉवरसाठी एसएमपीएसमधून (डब्यातला वीजपुरवठा) आलेली साटा वायर वापरा. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर जोड) साटा करणारे स्वस्त, एकसंध साच्यातले कनेक्टर आतून शॉर्ट होऊन वितळतात.

आणि हो, ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसेल. फसवणूक नाही, मोजणी वेगळी.

टेबलाखालचा_डबा:
धन्यवाद. पण लिहून लिहून एसएसडी संपते म्हणतात, ते किती खरं? आणि डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायचं का?

खटपट्या:
५०० जीबीच्या बऱ्याच मॉडेलांची लिहिण्याची हमी १८० ते ३०० टीबी असते. रोज २० जीबी लिहिलंत तर वर्षाला ७.३ टीबी. १८० धरले तरी चोवीस वर्षं. त्याआधी बोर्डच जाईल!

डीफ्रॅग करू नका. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये प्रकार ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसतोय एवढं बघा, विंडोज ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) स्वतः चालवतं. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा.

जपायचं ते वेगळंच आहे. हार्ड डिस्क बऱ्याचदा मरण्याआधी कुरकुरते, एसएसडी एखाद्या दिवशी गपकन बायॉसमधूनच गायब होते. ट्रिममुळे पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही. फोटो जुन्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि आणखी एक प्रत बाहेर.

साटा_केबल:
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. बँकेची कामं याच मशीनवर करत असाल तर नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा.