मोडाफिनिल घेऊन अभ्यास: कुणी केलाय का? (लातूर, नीट रिपीटर)

औसेकर_रिपीटर: रूममेट पहाटे चारला मोडाफिनिलची, म्हणजे जागं ठेवणारी गोळी घेतो आणि रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेतून हलत नाही. मी मेसच्या वरणभातानंतर बायोलॉजीवर कपाळ टेकतो. टेस्टमध्ये तो माझ्या मागंच आहे, तरी त्याला बघून डोकं फिरायलंय. "अर्धी घेऊन बघ" म्हणतोय. घेऊ का?

नांदेडचा_मेडिकलवाला: शेड्यूल एचची गोळी आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. कुणी दिली असेल तर चूक केली. ती बसल्याजागी झोप लागण्याच्या आजारासाठी आहे. निम्मं औषध अंगातून जायला 12 ते 15 तास लागतात, म्हणजे पहाटेच्या गोळीचा निम्मा अंश संध्याकाळीही अंगात असतो. झोप उडते, डोकं दुखतं, भूक मरते. अंगावर पुरळ आलं तर मात्र अंगावर काढू नका.

गोदाकाठचा: मी घेतलीय राव. राज्यसेवेच्या मेन्सआधी, संभाजीनगरला. पहिल्या दिवशी वाटलं, आता आपण कलेक्टर! नऊ तास मान वर केली नाही. केलं काय? गोदावरीचा नकाशा, चार रंगांत. दुधना, पूर्णा, सिंदफणा, मांजरा, एकेक वळण काढलं. अर्थव्यवस्थेचं पुस्तक उशाखाली तसंच. गोळी बसवते हो, पण कशावर बसायचं ते सांगत नाही.

नंतर 2023 चा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग वाचला आणि माझाच नकाशा आठवला. 40 धडधाकट माणसं, कोडं पिशवी भरायचं: ठरलेल्या वजनात जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायच्या. त्याच माणसांना कधी मोडाफिनिल, कधी रिटालिनमधलं मिथाइलफेनिडेट, कधी डेक्सअँफेटामिन (ही दोन्ही उत्तेजक औषधं), कधी नुसती खोटी गोळी. खऱ्या गोळीवर खटपट वाढली, वस्तू आत-बाहेर लई केल्या, पण पिशवी खोट्या गोळीपेक्षा वाईट भरली. मेन्स? गेली. सगळा दोष गोळीला देत नाही, माझं अर्थशास्त्र आधीपासूनच कच्चं.

दुपारी 20 मिनिटं झोप की लेका, गजर लावून. कपाळ तसंही टेकतंच आहे.

औसेकर_रिपीटर: झोपून बघतो दादा. मेडिकलवाले काका, एक विचारू? रूममेटच्या मानेवर परवापासून लाल पुरळ आहे. तो म्हणतोय मेसच्या गादीतले ढेकूण.

नांदेडचा_मेडिकलवाला: गोळी आत्ता बंद. तोंडात फोड, ताप आहे का बघ. असो-नसो, आजच त्याला डॉक्टरकडं ने आणि गोळीचं पाकीट सोबत घे. लाजून लपवू नका.