मिरचीला व्हिटॅमिन सीची गोळी? पैसे पाण्यात

गच्चीतला_माळी (नेरूळ)
आमच्या सोसायटीच्या बागप्रेमी ग्रुपवर महिनाभर एकच टूम चालू आहे. केमिस्टकडची नारिंगी चघळायची गोळी खलबत्त्यात कुटायची, लिटरभर पाण्यात कालवायची आणि उन्हानं मान टाकलेल्या झाडांवर फवारायची. कालच एका मावशींनी मोगऱ्याला पाजली. माझं मत विचाराल तर बंद करा हा प्रकार.

झाडाला व्हिटॅमिन सी लागतं, वाद नाही. पण ते झाड स्वतःच बनवतं. आपल्याला बनवता येत नाही, म्हणून आपण आवळे-पेरू खायचे. पटत नसेल तर मटकी बघा. कोरड्या दाण्यात सी जवळपास नसतं, मोड आले की येतं. भिजवताना पातेल्यात गोळी टाकली होती का कुणी?

आता उन्हाचं. पश्चिमेची गॅलरी, मे महिना, दुपारचे तीन, कुंडी कोरडी. पान पाणी वाचवायला आपली छिद्रं मिटून घेतं. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, पण ऊन काही थांबत नाही. ठाणे स्टेशनला गाड्या बंद आणि पुलावरून माणसं उतरतातच आहेत, तशी गत. त्या चेंगराचेंगरीत पानाला इजा करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पानाच्या हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकांत, सी खर्चून एक विकर (एन्झाइम) त्याचं पाणी करतं, आणि खर्च झालेलं सी ग्लुटाथिओन या पेशीतल्याच दुसऱ्या पदार्थाच्या मदतीनं पुन्हा तयार होतं. हे चक्र फॉयर आणि हॅलिवेल या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्येच मांडलं. घरचा कारखाना असताना बाहेरून पाव किलो आणून काय उपयोग?

तिखटमिरची (कोपरखैरणे)
काका, पुस्तक ठेवा बाजूला. माझ्या मिरचीची पानं पार आकसली होती. तीन वेळा फवारलं, आठवड्यात नवी पालवी आली. डोळ्यांनी बघितलंय.

गच्चीतला_माळी
आकसली म्हणजे कशी? कडा वर वळून वाटीसारखी, की खाली?

तिखटमिरची
वर. वाटीसारखी.

गच्चीतला_माळी
मग तो उन्हाचा त्रास नाही हो, चुरडामुरडा दिसतोय, म्हणजे मिरचीची पानं आकसण्याचा रोग. पान वर वळलं तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. तुमच्या फवाऱ्यानं पानं धुतली गेली, काही किडे वाहून गेले. साध्या पाण्यानंही झालं असतं.

कोपरीकर
माळीबुवा, तुम्ही एका टोकाला जाताय. मी शेतीशाळेत शिकलोय. खारट पाण्यावर वाढवलेल्या गव्हाला शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीच, फवारून किंवा त्यात बी भिजवून फायदा दिसल्याचे प्रयोग आहेत. साधारण १०० ते २०० पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम. थोडं का होईना, पानात शिरतं. आणि खाडीकाठच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी खारट असतं, हे नवी मुंबईकरांना मी सांगायला हवं का?

गच्चीतला_माळी
ते शुद्ध ॲसिड. तुमच्या गोळीत साखर, रंग, वास. साखरेवर मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून मावा. शिवाय सी पाण्यात टिकत नाही. उजेड आणि तांब्या-लोखंडाचा अंश असला की आणखी लवकर उडतं. सकाळी कालवलेलं संध्याकाळी फवारणारे आहेत इथे. खारट पाण्यावर उपाय म्हणजे पावसात कुंडी उघडी ठेवून मीठ खालून वाहू देणं.

मत्स्यप्रेमी (खारघर)
मी ती पावडर टँकच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला वापरतो. त्यात दम आहे. झाडांचं तुम्ही बघा.

कोपरीकर
क्लोरीनपेक्षा ओझोन बघा, धुरावर ऊन पडलं की तयार होणारा वायू. सी कमी बनवणारी अरॅबिडॉप्सिसची (प्रयोगशाळेत वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाची) रोपं ओझोननं लवकर करपतात, हे सिद्ध आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या गॅलऱ्यांमध्ये धूर आणि ऊन दोन्ही. पानातला सीचा साठा कमी पडतो, हे तर मान्य?

गच्चीतला_माळी
मान्य. मीही तेच म्हणतोय, साठा झाडालाच वाढवू द्या. उन्हात वाढलेल्या पानात सी जास्त असतं, सावलीतल्यात कमी. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं जास्वंद आपण आणतो आणि थेट पश्चिमेच्या ग्रीलमध्ये ठेवतो. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरट चट्टे. आठ-दहा दिवस आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पुढे सरकवा.

तिखटमिरची
म्हणजे नव्या रोपाला त्या आठ-दहा दिवसांत फवारलं तर चालेल?

गच्चीतला_माळी
...बरं. तिथे तुमच्या बाजूनं थोडं बोलता येतं. पण दोन सारखी रोपं घ्या. एकावर शुद्ध पावडरीचं पाणी, दुसऱ्यावर तितकंच साधं पाणी, त्याच वेळी. दोन्ही एकाच ग्रीलमध्ये.

तिखटमिरची
घेते. जास्वंदाचीच दोन. पण दुसऱ्यावर फवारायचं विसरले तर चालणार नाही ना? मला सवय आहे.

कोपरीकर
ती जाळी जांभळी नाक्याला मिळते का हो?