शब्दचर्चा : रक्तातलं कॅल्शियम 'वाढतं' की 'चढतं'?

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहितोय. 'हायपरकॅल्सेमिया'ला 'अतिकॅल्शियमरक्तता' सुचलं, पण वाचतानाच दम लागतो. 'कॅल्शियम वाढणे' चालेल का?

— फोड बरोबर आहे तुमची. 'कॅल्क' म्हणजे लॅटिनमधला चुना, 'एमिया' ग्रीक रक्तावरून. कोशात शोभेल. पत्रकात नको.

— 'वाढणे'ही नको. हिमोग्लोबिन वाढलं की आपण खूश होतो. कॅल्शियम वाढलं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हाडं भक्कम झाली! प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा हाडांतूनच निसटलेलं असतं. अनेक गाठी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात. ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाची नक्कल करतं, हाडं झिजवतं आणि मूत्रपिंडाला कॅल्शियम बाहेर टाकू देत नाही. म्हणून 'दूध बंद केलं की भागेल' हा समजही खोटा.

— मग 'हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरणे'?

— ताप उतरला म्हणजे कमी झाला ना! 'चढणे' घ्या. ताप चढतो, विष चढतं. शब्दातच धोका आहे. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर थांबायचं नसतं, हे त्यातून पोचेल.

— 'चढणे' पटलं. पण पुढचंच वाक्य 'सलाइन चढवतात' असं आहे :)

— 'शिरेतून सलाइन देतात' लिहा. शरीर कोरडं पडलेलं असतं, म्हणून उपचाराची सुरुवात तिथूनच. आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडला 'हाडं मजबूत करणारं इंजेक्शन' म्हणू नका, 'हाडांची झीज रोखणारं' म्हणा. त्याचा गुण यायला 2 ते 4 दिवस लागतात, हेही लिहा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी 'लागू पडलं नाही' म्हणतील. तोवर कॅल्सिटोनिन हे दुसरं औषध काही तासांत आकडा खाली आणतं, पण दोनेक दिवसांत त्याचा जोर ओसरतो.

— रिपोर्टमधल्या 'करेक्टेड कॅल्शियम'ला मी 'दुरुस्त कॅल्शियम' लिहिलंय.

— अरे देवा! नातेवाईक म्हणतील, झालं दुरुस्त, चला घरी. तो नुसता हिशेब आहे: अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) डेसिलिटरमागे 4 ग्रॅमपेक्षा जितकं कमी, त्या दर ग्रॅममागे कॅल्शियममध्ये डेसिलिटरला 0.8 मिलिग्रॅम मिळवायचे. 'अल्ब्युमिन धरून काढलेलं कॅल्शियम' म्हणा. लांब आहे, पण फसवत नाही.

— बदलतो. 'चढणे'ही ठेवतो.