सीएफआयच्या आधी ग्राउंड इन्स्ट्रक्टर व्हावं का?

प्रश्न: एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं) कमर्शियल पायलट सर्टिफिकेट झालंय, सीएफआयची (विमान उडवायला शिकवणाऱ्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरची) तयारी चालू आहे. आधी ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं, म्हणजे फक्त जमिनीवर थिअरी शिकवण्याचं, सर्टिफिकेट काढण्यात अर्थ आहे?

उत्तर १: नक्की काढ. चेकराइड (विमानातली प्रात्यक्षिक परीक्षा) नाही, मेडिकल नाही. एफओआय (शिकवण्याची मूलतत्त्वं) आणि एजीआय (अ‍ॅडव्हान्स्ड ग्राउंड इन्स्ट्रक्टर), अशा दोन लेखी परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. एफओआयचा निकाल 24 महिन्यांनी बाद होतो. सर्टिफिकेट मात्र कायम राहतं, आणि मग सीएफआयला एफओआयची लेखी पुन्हा लागत नाही. मी याच वाटेने गेले. एका विद्यार्थिनीने विचारलं, "60 अंशांच्या वळणात विमानाच्या पंखांवरचा लोड दुप्पट का?" फळ्यावर लिफ्टचा (पंखांच्या उचलणाऱ्या बलाचा) तिरपा बाण काढून त्याचे दोन भाग केले, तेव्हा तिला उमगलं. सीएफआयच्या तोंडी परीक्षेत नेमकं हेच लागतं.

उत्तर २: इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवणं) शिकवायचं तर आयजीआय (इन्स्ट्रुमेंट ग्राउंड इन्स्ट्रक्टर) ही लेखी वेगळी द्या.

प्रश्नकर्ता: आभार, एफओआयपासून सुरू करतो.